चौथा ठिपका

बर्फाच्या कारखान्यावर माझा दवाखाना.
खाली लादी फुटली की वर खुर्ची किंचित थरथरते.
हर्णैत रूट कॅनॉल करणारी मी एकटी,
सोळा महिन्यांची डॉक्टर,
आणि ट्रेमध्ये तीन कंपन्यांच्या फाइली.

बॅचमधले सगळे आता मोटरवाले.
तन्वीर म्हणतो, एकच फाईल घे, मागेपुढे झुलणारी,
बारा मिनिटांत मोकळी होशील.
शलाका म्हणते, निळी.
वाकवली की वाकलेलीच राहते, उगाच उसळत नाही.
कोल्हापूरचा विक्रेता सोनेरी फाईल
बोटाभोवती गुंडाळून दाखवतो,
काकणं विकायला आल्यासारखा.

पाकिटावर छापलंय : एकदाच वापरा.
पण माझ्या पेशंटचा खिसा
संध्याकाळच्या लिलावात सुरमईला काय भाव आला
त्यावर चालतो.
म्हणून मी उकळून, वाफवून पुन्हा घेते, आणि मोजते.
एक दाढ, स्टॉपरवर एक ठिपका.
चार ठिपके झाले की डब्यात.
हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही. माझाच आहे.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस होते.
हरेश्वर वासावे, तांडेल, खालची उजवी दाढ,
गाल केंडासारखा फुगलेला.
"होडी लोटायची हाय. त्याच्या आदी काय ता कर."

दहा नंबरची हातफाईल आधी आत.
सरांची ही एक खोड मी सोडलेली नाही :
मोटर लावायच्या आधी
वाट आहे का, बोटांनी विचारायचं.
मागचं मूळ सरळ निघालं.
पुढचं, आंजर्ल्याच्या खाडीसारखं,
मुखाशी आल्यावर एकदम वळलेलं.

लोकेटर वाजला. एकोणीस मिलिमीटर.
मग मोटर, तीनशे फेरे,
हायपोक्लोराइटचा तो पोहण्याच्या तलावाचा वास.
खाली लादी फुटली,
लाईट गेली, इन्व्हर्टरने घेतली,
आणि मधल्या अर्ध्या क्षणात
काहीतरी सुटलं.
आवाज नाही आला. बोटांना कळतं.

फाईल पट्टीवर ठेवली. दोन मिलिमीटर आखूड.
स्टॉपरवर तीन ठिपके.
म्हणजे हा चौथा.

त्या वेळी मला बरीच वाक्यं सुचली.
तुमचं मूळ फार वाकडं आहे, हे एक.
दुसरं म्हणजे नुसतं गप्प बसणं.
त्याला कळणार नव्हतं. एक्स-रेतली पांढरी रेघ
कधीतरी दुसऱ्या डॉक्टरला दिसली असती, इतकंच.

डॅम काढला. खुर्ची उभी केली.
"काका, सुईचं टोक मोडून आत राहिलंय.
बाजूने वाट काढून बघते.
नाही जमलं तर चिपळूणला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवते,
खर्च माझा."

त्याने बधिर गाल चाचपला.
मग लेंगा वर सारून पोटरी दाखवली.
"हितं गळ हाय. एकोणीस वर्सं.
डाक्टर बोलला, निगाला. मीबी निगाला समजून चाललो."
जरा थांबला.
"कितव्यांदी वापरलीस?"
"चौथ्यांदा."
"आमी दोर तिसऱ्या सालाला बदलतो.
तुटला म्हणून न्हाय."

तोंड उघडून तो पुन्हा मागे टेकला.

चाळीस मिनिटं लागली.
आठ नंबर तुकड्याच्या कडेने सरकली,
मग दहा, मग पंधरा,
सगळं हाताने, मोटर हुकावर लटकत.
तुकडा निघाला नाही. शेजारून वाट मिळाली.

रात्री शलाकाचा फोन : मग, ठरलं का? कुठली?
म्हटलं, दहा नंबर, हाताची.
ती खूप हसली.
मी निळीची दोन पाकिटं मागवली, उधारीवर,
आणि डब्याच्या झाकणावरचा चार खोडून
दोन लिहिला.
एक लिहायला हवा होता. परवडेल तेव्हा लिहीन.

आता सप्टेंबर. होड्या बाहेर आहेत.
जयगडच्या पुढे कुठेतरी, नऊ वाव पाण्यावर,
माझ्या आवडत्या कंपनीचे दोन मिलिमीटर
जाळं ओढताना दातओठ खातायत.
सहा महिन्यांनी एक्स-रे आहे.
तारीख त्याच्या कार्डावर लिहिलीय,
आणि माझ्या वहीतही, लाल पेनाने.